हिवाळ्यातली कळसूबाई, एकट्याने

डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानांची यादी रोज सकाळी वर्तमानपत्रात येते. निफाड, नाशिक, अहिल्यानगर ही नावे त्यात पुढे असतात. महाबळेश्वर मात्र बऱ्याचदा त्यांच्यापेक्षा तीन-चार अंशांनी उबदार निघते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांच्या आसपास उंच आणि निफाड जेमतेम साडेपाचशे. जितके वर जावे तितके गार, हा शाळेत शिकलेला नियम इथे उलटा पडलेला दिसतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर हिवाळ्यात एकट्याने जायचे असेल, तर सुरुवात या उलट्या नियमापासून करायला हवी. त्या दिवसाची थंडी, ऊन, पाणी आणि वेळ यांचा बराचसा हिशेब त्यातून उलगडतो.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, अकोले तालुक्यात ती उभी आहे. पलीकडचा उतार नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात उतरतो. चढायची नेहमीची वाट घोटी-भंडारदरा रस्त्यावरच्या बारी गावातून जाते आणि गावापासून माथ्यापर्यंतचा चढ सव्वाआठशे मीटरांच्या घरात भरतो. तिला महाराष्ट्राचे एव्हरेस्ट म्हणायची पद्धत आहे. एव्हरेस्ट तिच्या पाचपटींहून उंच आहे. कळसूबाई हा सकाळी चढून दुपारी उतरता येईल असा लहान डोंगर आहे आणि तिचे हे लहानपण मला फार मोलाचे वाटते. दोर लागत नाही, मुक्काम लागत नाही, विरळ हवेचा त्रास होत नाही. उंचीचा आजार साधारण अडीच हजार मीटरांच्या वर सुरू होतो. इथे माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्क्यांहून थोडा जास्तच असतो. पाणी ९४-९५ अंशांना उकळते, एवढाच काय तो फरक. थोडी तयारी असलेल्या कुणालाही डोंगर वाचायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. आणि एकट्याने गेले की तो वाचावाच लागतो, कारण आपल्या वतीने वाचणारे दुसरे कुणी सोबत नसते.

आता थंडीकडे वळू. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. ढग आणि हवेतले बाष्प त्या उष्णतेचा बराच भाग अडवून जमिनीकडे परत पाठवतात. पावसाळ्यातल्या रात्री फारशा गार होत नाहीत त्या यामुळेच. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, त्यामुळे उष्णता विनाअडथळा निघून जाते. जमीन गार होते आणि तिला टेकलेला हवेचा थरही गार होतो. गार हवा जड असते. ती उतारावरून हळूहळू खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातले निफाड अशा साचलेल्या गारठ्यात सापडते. डोंगरमाथ्यावरची गार हवा मात्र घरंगळून निघून जाते आणि तिची जागा बाजूची जरा उबदार हवा घेते. हवामानशास्त्रात या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात.

बारीतही हेच घडते. पहाटे गावाजवळच्या कापणी झालेल्या भातखाचरांमध्ये बोटे आखडतील असा गारठा असतो आणि भंडारदऱ्याच्या जलाशयावर धुके पसरलेले असते. चढायला लागून थोडी उंची गाठली की बोटे मोकळी होतात. चालल्याने अंगात ऊब आली असे आपल्याला वाटते, आणि ते खरेही आहे. पण बऱ्याचदा आपण गार हवेच्या डबक्यातूनच वर आलेलो असतो. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत जमीन तापते, हवा ढवळली जाते, विपरीतता मोडते आणि शाळेतला नियम पुन्हा लागू होतो. किलोमीटरभर उंचीला सरासरी साडेसहा अंश, या दराने दुपारी कळसूबाईचा माथा बारीपेक्षा पाच-साडेपाच अंशांनी गार असतो. म्हणजे एकाच दिवसात हा डोंगर दोन वेगवेगळे नियम पाळतो: पहाटे पायथा गार, दुपारी माथा गार. पहाटेच्या गारठ्यावरून वरच्या थंडीचा अंदाज बांधून तीन स्वेटर चढवणारा पहिल्या तासातच घामाने भिजतो.

उन्हाचेही असेच आहे. बारी शिखराच्या पूर्वेला आहे, म्हणून वाटही पूर्वेकडच्या उतारावरून चढते. सकाळचे ऊन थेट पाठीवर येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही तो इथे क्षितिजापासून ४७ अंशांच्या वर जात नाही. दुपार कलली की तो डोंगराच्या पाठीमागे जातो आणि पूर्व उतार सावलीत बुडतो. पंचांगात सूर्यास्त सहाचा असला, तरी या उतारावरचा सूर्यास्त त्याच्या बराच आधी होऊन गेलेला असतो. उतरणाऱ्याने पंचांगापेक्षा डोंगराची सावली बघावी.

हिवाळ्यात डोंगर वाचता येतो असे मी म्हणतो ते सर्वांत जास्त खडकाच्या बाबतीत. पावसाळ्यात कळसूबाई ढगांत असते आणि तिच्यावर गवत कंबरेइतके वाढते. ते गवत पिवळे पडून झोपले, झरे आटले, की आत दडलेली मांडणी उघडी पडते. ही मांडणी थरांची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला आणि एकावर एक पसरत गेला. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखीतून उसळलेला हा डोंगर नव्हे. लाव्हा जवळजवळ सपाट पसरला; नंतर पावसाने आणि नद्यांनी आजूबाजूचे खडक कापून नेले आणि जे उरले ते कळसूबाई. शिखर म्हणजे वर उचलले गेलेले काही नाही, वाहून न गेलेले काही आहे.

लाव्ह्याचा प्रत्येक थर सगळीकडे सारखा नसतो. त्याचा मधला भाग सावकाश थंड होतो आणि घट्ट, टणक होतो. वरच्या भागातून वायूचे बुडबुडे निघत असतात, म्हणून तो सच्छिद्र राहतो आणि लवकर झिजतो. टणक भागाचा उभा कडा बनतो, मऊ भागाचा सपाट पदर. बारीहून चढताना पायांना हीच मांडणी जाणवते: थोडे सपाट चालणे, मग छातीवरचा चढ, पुन्हा सपाटी, पुन्हा चढ. लोखंडी शिड्या आहेत त्या टणक कातळाच्या टप्प्यांवर. शिड्या होण्यापूर्वी गावकरी हे टप्पे हातापायांनी कातळ धरून चढत. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबूस मातीचा पट्टा दिसतो. एक थर थंड होऊन पुढचा येईपर्यंत त्याच्या पृष्ठभागाचे जे अपक्षयन झाले, त्याची ती खूण. वाटेत पांढरे चकाकणारे खडे दिसले तर तेही न्याहाळावेत. लाव्ह्यातल्या जुन्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून झिओलाइट गटातली खनिजे स्फटिकरूपात साचली. त्यांचे उत्तमोत्तम नमुने पाहायचे असतील तर इथून फार लांब नसलेल्या सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जावे. डोंगरावरचे खडे डोंगरावरच राहू द्यावेत. हा सगळा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो.

या खडकाची कीर्ती गिर्यारोहकांच्या जगापलीकडेही गेली आहे, आणि तिची आपल्याकडे पुरेशी जाण नाही याची मला खंत आहे. पश्चिम घाटातल्या लाव्ह्याच्या थरांची भूवैज्ञानिकांनी जी क्रमवारी लावली, तिचे तीन मोठे गट आहेत: वरचा वाई, मधला लोणावळा आणि सर्वांत खालचा, म्हणजे सर्वांत जुना, कळसूबाई. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर या नावांचे थरसमूह कळसूबाई गटात येतात. जगात कुठेही दख्खनच्या लाव्ह्याचा अभ्यास होत असला की हे नाव घ्यावेच लागते. या गटात काही थर असे आहेत की त्यांत फेल्डस्पार या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक काळ्या खडकात विखुरलेले दिसतात. लाव्हा वर येण्यापूर्वी जमिनीखाली बराच काळ साठून राहिला असला पाहिजे, तिथे स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला, असा त्याचा अर्थ लावतात. असे थर ठळक ओळखू येतात म्हणून एक समूह कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे ठरवायला ते खुणेसारखे वापरले जातात. उंचीने सर्वांत वरचे शिखर, आणि त्याचे नाव सर्वांत तळच्या गटाला. यात विसंगती नाही. दख्खनचे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेकडे जुने थर उंचावर उघडे पडतात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर नवे थर मिळतात.

डोंगराची दुसरी ओळख गावाकडून मिळते. परिसरात महादेव कोळी समाजाची जुनी वस्ती आहे आणि माथ्यावरचे छोटे देऊळ त्यांच्या देवीचे आहे. १८८४च्या जिल्हा गॅझेटियरने नोंदवलेली कथा अशी: कळसू नावाची कोळ्याची मुलगी रानात भटकत भटकत पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केरकचरा काढणार नाही, ही तिची अट होती. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला तीच कामे सांगितली. तिने ती केली आणि लगेच डोंगर चढून गेली. पुढे मरेपर्यंत ती माथ्यावरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, कचरा काढला ती काळदरा. शब्द मोडल्यावर न भांडता निघून जाणारी आणि एकटीने डोंगरावर राहणारी ही मुलगी. एकट्याने चढणाऱ्याला तिची आठवण झाली तर नवल नाही. नवरात्रात इथे जत्रा भरते आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकाही शिड्या चढून दर्शनाला जातात. डोंगर सर करणे वगैरे भाषा या माथ्यावर मला म्हणूनच शोभत नाही.

आता शरीराचा हिशेब. साठ-सत्तर किलोचा माणूस पाठीवरच्या सामानासह पंचाहत्तर किलो धरला, तर एवढे वजन सव्वाआठशे मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दीडशे किलोकॅलरींच्या आसपास काम होते. पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा कामाला लावतात. उरलेली उष्णता होते. म्हणजे निव्वळ चढण्यासाठी सहाशे-सातशे किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांतल्या पाचशेच्या आसपास अंगातून बाहेर काढाव्या लागतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. थंड वारा काही उष्णता फुकट उचलतो हे धरले, तरी अर्ध्या लिटरापासून लिटरभरापर्यंत पाणी एकट्या चढालाच लागते. कोरड्या हवेत धापा टाकताना श्वासावाटे जाते ते वेगळे.

हिवाळ्यातली अडचण अशी की हे जाणवत नाही. कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम आलाच नाही असे वाटते. गारव्यात तहानही मंदावते. मे महिन्यात माणूस पाण्याची आठवण ठेवतो, जानेवारीत विसरतो. डोके जड होणे, पाय अडखळणे, उगाच चिडचिड होणे ही पाणी कमी पडल्याची लक्षणे आहेत आणि एकट्याला ती दाखवून देणारे कुणी नसते. म्हणून तहानेची वाट न बघता घड्याळ बघून दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. माथ्याच्या खालच्या सपाटीवर एक विहीर आहे, सुट्टीच्या दिवशी वाटेत टपऱ्याही असतात. पण एकट्याने जाणाऱ्याने त्यांना आपल्या हिशेबात धरू नये.

पाठीवर मात्र घाम वाळत नाही, कारण तिथे पिशवी चिकटलेली असते. ओल्या कापडातून अंगाची उष्णता कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. पाणी हवेच्या पंचवीसपट उष्णतावाहक आहे. अशात माथ्यावर पोचून बसले आणि वारा लागला, की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. हवा दहा अंशांची असली आणि वारा ताशी तीस किलोमीटरांचा असला, तर उघड्या कातडीला ती साडेसहा-सात अंशांची वाटते. यावरचा उपाय अगदी साधा आहे. चढताना किंचित गार वाटेल इतकेच कपडे घालावेत, आणि माथ्यावर पोचताच, बसण्याआधी, फोटोआधी, ओला शर्ट उतरवून पिशवीतला कोरडा चढवावा. शिड्यांसाठी हातमोजेही हवेत. सकाळी लोखंडी कठडे झोंबतात, आणि बधिर बोटांची पकड कच्ची असते.

वेळेचा अंदाज बांधायला जगभर एक जुना ठोकताळा वापरतात. स्कॉटलंडचे विल्यम नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला: सपाटीच्या दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. बारीची वाट साडेसहा किलोमीटरांच्या, म्हणजे चार मैलांच्या जवळपास धरा. एक तास वीस मिनिटे. चढ सत्तावीसशे फूट. आणखी एक तास वीस मिनिटे. मिळून पावणेतीन तासांना थोडे कमी. त्यात दम खायला अर्धा-पाऊण तास मिळवला की सामान्य चालीच्या माणसाचा साडेतीन तासांचा चढ होतो, आणि प्रत्यक्षातही तसाच अनुभव येतो. हा ठोकताळा ज्या देशात जन्मला, तिथले सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरांचे, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरांनी ठेंगणे. तरी हिवाळ्यात तिथे बर्फ असते आणि डिसेंबरअखेरीस दिवस सात तासांहूनही लहान असतो. हिवाळी भटकंतीवरची बहुतेक पुस्तके अशा देशांतल्या लोकांनी लिहिली, म्हणून त्यांत थंडी आणि बर्फ यांनाच सगळी जागा मिळते. सह्याद्रीतला हिवाळा वेगळा आहे. इथे थंडीने माणूस क्वचितच संकटात येतो. कोरडेपणा, भुसभुशीत उतार आणि अंधार यांनी येतो.

अंधाराचे गणित थोडे चमत्कारिक आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. या अक्षांशावर तो अकरा तासांना थोडा कमी असतो. पण सर्वांत लवकर सूर्यास्त त्या दिवशी होत नाही. तो नोव्हेंबरच्या शेवटी होतो, सहाच्याही थोडा आधी. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, सात-दहाच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे खरी मध्यान्ह डिसेंबरभर रोज साधारण अर्धा मिनिट पुढे सरकत जाते आणि उदय-अस्त तिच्यासोबत सरकतात. चालणाऱ्याला याचा सरळ फायदा आहे. जानेवारीच्या मध्यावर संध्याकाळी नोव्हेंबरअखेरीपेक्षा वीस-एक मिनिटे जास्त उजेड मिळतो. सकाळी उशिरा उजाडते, पण उजेडाकडे चालत जाण्यात धोका नसतो. उजेड संपताना उतरण्यात असतो. शिवाय आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा मावळतो, त्यामुळे संधिप्रकाश लांबत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात पायाखालचा दगड दिसेनासा होतो.

म्हणून एकट्याने परतीची वेळ घरीच ठरवावी. सव्वासातला उजाडल्यावर बारी सोडली, तर अकराच्या आत माथा यावा. तो साडेबारापर्यंत आला नाही, तर जिथे असू तिथून मागे फिरावे. शेवटची शिडी समोर दिसत असली तरी फिरावे. चारचौघांत कुणी तरी दमल्याचे कबूल करतो आणि सगळे सुटतात. एकट्याच्या बाबतीत हे काम आधी ठरवलेल्या वेळेने करायचे असते. रात्री चढून माथ्यावर सूर्योदय बघण्याची टूम अलीकडे फार वाढली आहे. एकट्याने ती अजिबात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगर वाचायला उजेड लागतो, हे एक कारण. दुसरे कारण बिबट्या.

अकोले परिसर बिबट्यांच्या अभ्यासात जगाला ठाऊक आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी इथल्या शेतीच्या भागात आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरांमागे पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले, तेही उसाच्या फडांच्या आणि माणसांच्या दाट वस्तीच्या भागात. त्यातून घाबरून जावे असे काही नाही. बहुतेक काळ ही जनावरे माणसाला टाळून जगतात. पण त्यांचा वावर तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतचा असतो आणि एकटा, गप्प चालणारा माणूस त्यांना अचानक सामोरा येऊ शकतो. उजेडात चालणे आणि अंधार पडलाच तर टॉर्च लावून आवाज करत चालणे, एवढी काळजी पुरते. मधमाश्या मला जास्त गंभीर वाटतात. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तराचा उग्र वास आणि गोंगाट यांनी त्या उठतात. शेकोटी तर पेटवूच नये, कारण वाळलेल्या गवताला लागलेली ठिणगी डोंगरच्या डोंगर जाळते.

निघण्यापूर्वी घरी आणि बारीत, दोन्हीकडे सांगून जावे: कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत, आणि न आल्यास किती वाजता शोध सुरू करायचा. शेवटचा भाग लोक सांगत नाहीत आणि तोच सर्वांत कामाचा असतो. सह्याद्रीत माणूस अडकला की बहुधा पहिल्यांदा पोचतात ते गावकरीच. मोबाइलला रेंज असेल तर ११२. ती सगळीकडे मिळेलच असे नाही, म्हणून गळ्यात शिट्टी असावी. डोंगरातला मदतीचा संकेत १८९४ पासून ठरलेला आहे: मिनिटाला सहा वेळा आवाज, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. घसा बसल्यावरही शिट्टी वाजते आणि तिचा आवाज हाकेपेक्षा लांब जातो.

सुट्टीचा दिवस आणि ३१ डिसेंबर टाळावा. त्या दिवशी शिड्यांवर रांगा लागतात आणि वेळेचा सगळा हिशेब कोलमडतो. मधल्या वारी गेले तर वाटेवर पाखरेही दिसतात. शेपटी थरथरवत दगडावर बसणारा थिरथिरा हिमालयाकडून आणि त्यापलीकडून हिवाळ्यापुरता येतो. कड्याच्या तोंडाशी वाऱ्यावर एका जागी तरंगत खाली उंदीर-सरडे शोधणारी खरुची दिसली, तर माथ्यावर वारा आहे हे तिथेच कळते.

माथ्यावरून नैर्ऋत्येला कुलंग, मदन, अलंग, दक्षिणेकडे रतनगड आणि पलीकडे हरिश्चंद्रगड, पायाशी १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर त्र्यंबकची रांग. इथे उभे राहून पाण्याच्या वाटा जरूर शोधाव्यात. दक्षिणेकडचा पाऊस प्रवरेत जातो, उत्तरेकडचा दारणेत. दारणा निफाडच्या बाजूला गोदावरीला मिळते आणि प्रवरा अख्खा जिल्हा ओलांडून नेवाशाजवळ प्रवरासंगमला. म्हणजे या शिखराच्या दोन बाजूंना पडलेले पाणी वेगळ्या जिल्ह्यांतून फिरून एकाच नदीत येते. अहिल्यानगर जिल्ह्यातच पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि अहिल्यानगर शहराकडे पाच-साडेपाचशे. हा फरक घडवणारी भिंत आपल्या पायाखाली आणि समोर पसरलेली असते. या उंचीवरून भूमितीने क्षितिज १४५ किलोमीटरांवर येते आणि अरबी समुद्राचा किनारा शंभर-एकशेदहा किलोमीटरांवर आहे. पण हिवाळ्यात कोकणावरही विपरीततेचे झाकण बसते, त्याखाली धूर आणि धूळ कोंडते, आणि पश्चिमेला करडा पट्टा तेवढा दिसतो. पहाटे बारीत बोटे गोठवणारी आणि दुपारी समुद्र झाकणारी घटना मुळात एकच आहे.

उतरणे चढण्यापेक्षा सोपे वाटते आणि हिवाळ्यात तेच जास्त फसवते. दम लागत नाही, कारण उतारावर ऊर्जा कमी लागते. पण प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलून धरतो. अशा कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. त्यांची ठसठस लगेच न होता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. दमलेला स्नायू गुडघा वेळेत सावरत नाही, आणि नेमके तेव्हाच वाट घसाऱ्याची होते. पावसाळ्यात मुरूम ओला आणि एकमेकांत रुतलेला असतो. हिवाळ्यात माती वाळून उडून जाते आणि कातळावर सुटे गोल खडे उरतात. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसा तिथे पाय सटकतो. अशा जागी शरीर मागे टाकून उतरायची ओढ होते आणि त्यानेच टाच निसटते. गुडघे किंचित वाकवून, वजन पावलाच्या बरोबर वर ठेवून, छोटी पावले टाकावीत. शिडीवर तोंड शिडीकडेच असावे. एकट्याचा मुरगळलेला घोटा म्हणजे तीन तासांची वाट सहा तासांची होणे. वेळेत राखलेली सगळी शिल्लक त्या एका पावलासाठी राखलेली असते.

कळसूबाई नीट जमली की पुढे एकट्याने जायला पाचनईकडून हरिश्चंद्रगड योग्य आहे. वाट रुळलेली आहे, गाव पायथ्याशी आहे आणि दिवसात परत येता येते. त्याच गडाची नळीची वाट मात्र एकट्याची नाही. समोर दिसणारे अलंग-मदनही नाहीत: तिथे तुटलेल्या पायऱ्यांच्या आणि उभ्या कातळाच्या टप्प्यांवर दोर लागतो, आणि दोराचे दुसरे टोक धरायला माणूस लागतो.